एका खेळाडूचा संघ: हिवाळी ऑलिंपिकमधला भारत

१३ फेब्रुवारी २०२२ रोजी बीजिंग हिवाळी ऑलिंपिकमधली पुरुषांची जायंट स्लॅलम शर्यत (उतारावर रोवलेल्या खांबांच्या जोड्यांमधून, म्हणजे 'गेट'मधून, वळणे घेत खाली येण्याची स्की शर्यत) मी सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहिली. यानचिंगच्या डोंगरावर त्या दिवशी एवढा बर्फ पडत होता की समोरची दोन-तीन गेट सोडली तर पुढचा उतार दिसत नव्हता, आणि दुसरी फेरी तर उशिरानेच सुरू करावी लागली. स्वित्झर्लंडच्या मार्को ओडरमाटने दोन्ही फेऱ्या मिळून २ मिनिटे ९.३५ सेकंदांत सुवर्णपदक जिंकले. काश्मीरच्या आरिफ खानला २ मिनिटे ४७.२४ सेकंद लागले. अनेक खेळाडू वाटेतच बाद झालेल्या त्या शर्यतीत तो दोन्ही वेळा अंतिम रेषेपर्यंत पोहोचला. दुसऱ्या दिवशीच्या बातम्यांचा आशय एका ओळीचा होता: भारताचा एकमेव खेळाडू ४५ वा.

त्या ओळीतल्या 'एकमेव' या शब्दाबद्दल मला या धाग्यात लिहायचे आहे.

हिवाळी ऑलिंपिकमध्ये भारताचे नाव प्रथम १९६४ साली इन्सब्रुकला आले, ते पोलंडमध्ये जन्मलेल्या जेरेमी बुयाकोव्स्की या स्कीपटूमुळे. तेव्हाही तो एकटाच होता आणि १९६८ ला ग्रेनोबललाही एकटाच होता. मग वीस वर्षे कोणीच गेले नाही. १९८८ ला कॅल्गरीत तिघे उतरले, त्यांत शैलजा कुमार ही हिवाळी ऑलिंपिकमध्ये भाग घेणारी पहिली भारतीय महिला होती आणि स्लॅलममध्ये ती २८ वी आली. १९९२ ला दोघे होते. १९९८ आणि २००२ ला पुन्हा एकच, शिवा केशवन. २००६ ला तुरीनमध्ये चौघे, नंतर दोन स्पर्धांना तिघे-तिघे, २०१८ ला दोघे आणि २०२२ ला एक. म्हणजे या सगळ्या काळात चार हा आपला सर्वांत मोठा आकडा आहे.

एका खेळाडूचा संघ म्हणजे मोठ्या संघाची छोटी आवृत्ती, असे आपण नकळत धरून चालतो. माझ्या मते ही समजूत चुकीची आहे, आणि अल्पाइन स्कीइंगचे, म्हणजे डोंगरउतारावरून वेगाने खाली येण्याच्या स्कीइंगचे, उदाहरण घेतले तर ते लगेच लक्षात येते. या खेळातल्या स्लॅलम आणि जायंट स्लॅलम शर्यतींत शर्यतीच्या मार्गावर सराव करण्याची मुभा कोणालाच नसते. सकाळी ठरावीक वेळात खेळाडू गेटच्या कडेकडेने हळूहळू घसरत खाली येतात, कुठे उतार अचानक तुटतो, कुठली दोन गेट जवळ आहेत, हे डोळ्यांत साठवून घेतात आणि थेट शर्यतीला उभे राहतात. त्यानंतर मार्गाबद्दल जी काही नवी माहिती मिळते ती आधी उतरलेल्या खेळाडूकडूनच. ऑलिंपिकमध्ये एका देशाला एका शर्यतीत जास्तीत जास्त चार खेळाडू उतरवता येतात. पहिला खाली पोहोचला की तो वायरलेसवर वर सांगतो: तिसऱ्या टप्प्यातल्या निळ्या गेटनंतर खालचा बर्फ उघडा पडला आहे, तिथे स्कीची धार लवकर रोव. मार्गावर चार ठिकाणी उभे असलेले प्रशिक्षक त्यात भर घालतात. चौथा खेळाडू उतरतो तेव्हा त्याच्या डोक्यात ही सगळी माहिती असते.

आरिफ खानसोबत बीजिंगला प्रशिक्षक आणि तंत्रज्ञ असे मोजके लोक होते, ही चांगलीच गोष्ट आहे. पण एक प्रशिक्षक एका वेळी एकाच वळणावर उभा राहू शकतो, आणि आपल्या आधी उतरलेला आपला माणूस तर मुळीच नसतो. त्यात मानांकन खालचे असल्यामुळे उतरण्याचा क्रमांक शेवटी येतो. तोपर्यंत आधीच्या साठ-सत्तर जणांनी प्रत्येक गेटभोवती खोल चऱ्या पाडलेल्या असतात. ओडरमाट ज्या मार्गावरून गेला तो मार्ग आरिफ खानला मिळालेलाच नाही. ३८ सेकंदांच्या त्या अंतरात या गोष्टींचा वाटा किती, हे कुठल्याही निकालपत्रकात लिहिलेले नसते.

जाणकारांनी आपापली मते मांडावीत.

प्रतिसाद १

लेख आवडला. तुम्ही शिवा केशवनचा उल्लेख एका वाक्यात केलात, पण 'एकमेव' या शब्दाचा भार त्याच्याइतका कोणीच वाहिलेला नाही, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

मनालीजवळच्या वशिष्ठ गावचा हा मुलगा १९९८ साली नागानोला ल्यूजमध्ये, म्हणजे बर्फाच्या वळणदार मार्गावरून छोट्या घसरगाडीने खाली येण्याच्या शर्यतीत, उतरला तेव्हा १६ वर्षांचा होता. ऑस्ट्रियाचे माजी ल्यूजपटू गुंटर लेमरर भारतात शिबिर घ्यायला आले होते आणि त्यांनी मुलांना चाके लावलेल्या गाडीवरून रस्त्यावर ल्यूज शिकवली. तिथून नागानोपर्यंत पोहोचून तो २८ वा आला. तेथून २०१८ पर्यंत सलग सहा ऑलिंपिक तो खेळला. तुरीनला तो २५ वा आला, तीच त्याची सर्वोत्तम कामगिरी. २०११ आणि २०१२ साली तो आशियाई विजेता होता.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी: ल्यूजमध्ये खेळाडू पाय पुढे करून उताणा झोपतो. आरंभाला दोन्ही बाजूंच्या मुठी धरून मागे-पुढे झुलत स्वतःला जोरात झोकून देतो, मग हातमोज्यांच्या बोटांना बसवलेल्या बारीक खिळ्यांनी बर्फावर तीन-चार वेळा ओढ घेतो आणि लगेच डोके मागे टेकवून आडवा होतो. त्यानंतर त्याला पुढचे जेमतेम दिसते. वळण घ्यायचे ते पोटऱ्यांनी गाडीच्या धावपट्ट्या किंचित दाबून आणि खांद्याने वजन टाकून. वेग ताशी १३० किलोमीटरच्या वर जातो आणि वेळ सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत मोजतात. रस्त्यावर चाकांच्या गाडीने तोल आणि धाडस येते, पण वळणावर उभी राहणारी बर्फाची भिंत किती उंचीवर धरायची आणि केव्हा सोडायची, ते केवळ खऱ्या मार्गावर कळते. भारतात कृत्रिम बर्फाचा असा एकही मार्ग नाही. त्यामुळे केशवनच्या प्रत्येक सरावाआधी एक विमानप्रवास होता.

२०१४ च्या सोची स्पर्धेआधीच्या सरावात तो एका वळणावर गाडीवरून उलटला, बर्फावरून घसरत असतानाच गाडी धरून पुन्हा तिच्यावर चढला आणि फेरी पूर्ण केली. ते दृश्य जगभर पाहिले गेले. पण त्याच स्पर्धेत तो भारताच्या ध्वजाखाली खेळू शकला नव्हता, याची आठवण फार कमी लोकांना आहे. भारतीय ऑलिंपिक संघटना डिसेंबर २०१२ पासून निलंबित होती. निलंबन उठले ११ फेब्रुवारीला, आणि केशवनच्या फेऱ्या ९ फेब्रुवारीलाच संपल्या होत्या.

मला सर्वांत जास्त लागून राहिलेली गोष्ट वेगळीच आहे. तो २०१८ ला थांबला आणि २०२२ ला ल्यूजमध्ये एकही भारतीय नव्हता. वीस वर्षांचा अनुभव एका माणसाबरोबर घरी परतला.

प्रतिसाद २

लेखाच्या मूळ मुद्द्याशी मी असहमत आहे आणि ते स्पष्टपणे मांडतो.

ऑलिंपिक हे सर्वोत्तमांचे व्यासपीठ आहे. १९८८ च्या कॅल्गरी स्पर्धेत ब्रिटनचा स्की-जंपर एडी एडवर्ड्स शेवटचा आला आणि प्रेक्षकांचा लाडका झाला, पण त्यानंतर आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने पात्रतेचा नियम कडक केला: आंतरराष्ट्रीय स्पर्धांत पहिल्या ३० टक्क्यांत किंवा पहिल्या ५० जणांत येणाऱ्यांनाच प्रवेश. सहभागाचे कौतुक एका मर्यादेपलीकडे खेळाच्या दर्जाला मारक ठरते, हे समितीने त्या वेळी मान्य केले, असा त्याचा अर्थ मी घेतो. सुरक्षिततेचाही प्रश्न आहे. १२ फेब्रुवारी २०१० रोजी, व्हँकुव्हर स्पर्धेच्या उद्घाटनाच्याच दिवशी, जॉर्जियाचा २१ वर्षांचा ल्यूजपटू नोदार कुमारिताश्विली व्हिसलरच्या मार्गावर सराव करताना मृत्युमुखी पडला. तोही छोट्या संघाचाच होता.

शिवाय संघ लहान म्हणून यश लहान, हेही मला पटत नाही. लिख्टेनस्टाइनची लोकसंख्या ४० हजारांच्या आसपास आहे आणि त्या देशाने हिवाळी ऑलिंपिकमध्ये १० पदके मिळवली आहेत, सगळी अल्पाइन स्कीइंगमध्ये. आपल्याकडे हिमालय आहे. मग आपण वायरलेसवर बोलणारा सहकारी नाही, चऱ्या पडल्या आहेत, अशी कारणे किती दिवस देणार?

धागालेखकाचे उत्तर

प्रतिसाद १ बद्दल मनापासून आभार. शेवटचे वाक्य वाचून थोडा वेळ थांबलो.

प्रतिसाद २ मधील आक्षेप महत्त्वाचे आहेत. कुमारिताश्विलीचे उदाहरण मात्र मला अप्रशिक्षित खेळाडूचे उदाहरण वाटत नाही. तो विश्वचषक मालिकेत खेळणारा ल्यूजपटू होता, आणि अपघातानंतर पुरुषांच्या शर्यतीचा आरंभ खाली, महिलांच्या आरंभस्थानावर आणून वेग कमी केला गेला. म्हणजे त्या मार्गाचा वेग हाही प्रश्न होताच.

लिख्टेनस्टाइनचे उदाहरण तुम्ही दिलेत याचा मला आनंद आहे, कारण ते माझ्याच बाजूने बोलते. त्या १० पदकांची नावे काढून पाहा. हान्नी वेन्झेलची चार, त्यांत १९८० च्या लेक प्लॅसिडमधली दोन सुवर्णे. तिचा भाऊ आंद्रेयास वेन्झेल याची दोन. हान्नीची मुलगी टीना वायराथर हिचे २०१८ मधले एक. विली आणि पॉल फ्रोमेल्ट या भावांचे प्रत्येकी एक. उरले ते एकमेव पदक उर्सुला कोन्झेट हिचे, १९८४ मधले. दहापैकी नऊ पदके दोन घरांत गेली आहेत. देश छोटा होता, पण त्या खेळाडूंच्या शेजारी सरावाला, तुलनेला आणि चूक दाखवायला दुसरा तोडीचा माणूस होता, बहुधा जेवणाच्या टेबलावरच. माझा सगळा मुद्दा या दुसऱ्या माणसाचा आहे. देशाची लोकसंख्या किंवा डोंगरांची उंची हा मुद्दाच नाही.

प्रतिसाद ३

पात्रतेबद्दल थोडे लिहिते, कारण 'भारताला आमंत्रण मिळते म्हणून खेळाडू जातो' असा समज अनेकांचा दिसतो. तसे नाही.

अल्पाइन स्कीइंगमध्ये आंतरराष्ट्रीय महासंघाची गुणपद्धत आहे आणि तिच्यात गुण जितके कमी तितका खेळाडू चांगला. प्रत्येक शर्यतीत विजेत्याच्या वेळेपेक्षा तुम्ही किती टक्के मागे राहिलात यावरून गुण निघतात, आणि त्यात त्या शर्यतीची 'पेनल्टी' मिळवली जाते. पेनल्टी ठरते ती शर्यतीत किती तगडे खेळाडू उतरले आणि त्यांतले किती वर आले यावरून. मैदान तगडे असेल तर पेनल्टी कमी. याचा परिणाम नीट समजून घेण्यासारखा आहे. आपल्याकडे आपलेच खेळाडू घेऊन शर्यत भरवली आणि कोणी ती जिंकली, तरी विजेत्याला पेनल्टीएवढे गुण लागतातच, आणि ती मोठी असते. गुण कमी करायचे तर युरोपात किंवा इतरत्र जाऊन चांगल्या खेळाडूंसोबत उतरावे लागते, तिथे अंतर फार न पडू देता शर्यत पूर्ण करावी लागते, आणि हे एकदा करून भागत नाही. एका गेटला स्की अडली की शून्य फायदा, पुढच्या गावाला सामान घेऊन निघायचे.

२०१८ च्या वेळी छोट्या देशांच्या खेळाडूंसाठी पात्रतेची कमाल मर्यादा १४० गुणांची होती. आरिफ खान २०२२ ला स्लॅलम आणि जायंट स्लॅलम अशा दोन्ही प्रकारांत पात्र ठरला होता. त्यामागे किती प्रवेशअर्ज, किती बसगाड्या आणि किती अर्धवट सुटलेल्या फेऱ्या असतील, याचा हिशेब केला तर ४५ हा आकडा वेगळा दिसू लागतो. स्लॅलममध्ये तो पहिल्या फेरीतच बाद झाला, हेही नोंदवायला हवे.

प्रतिसाद २ मधील सर्वोत्तमांच्या व्यासपीठाचा मुद्दा मला अर्धा मान्य आहे. पात्रतेची रेषा हवीच. पण ती ओलांडून आलेल्याला पाहुणा म्हणू नये.

प्रतिसाद ४

मी काही वर्षांपूर्वी औलीला स्कीइंगचा प्राथमिक वर्ग केला होता. खेळाडू म्हणवून घेण्याइतके मला काही येत नाही, पण बर्फाबद्दल एक गोष्ट तिथे पायांना कळली ती सांगते.

पहिले आठ-नऊ दिवस आम्ही मऊ बर्फावर होतो. पडले तरी लागत नसे, वळताना स्कीखाली भुसभुशीत थर दबायचा आणि आपोआप वेग कमी व्हायचा. दहाव्या दिवशी सकाळी लवकर, ऊन पोहोचण्याआधी, प्रशिक्षकांनी आम्हाला सावलीतल्या उतारावर नेले. रात्रभर गोठून तो काचेसारखा झाला होता. मी नेहमीप्रमाणे वळण घेतले आणि खालची स्की सरळ बाजूला निघून गेली. आवाजही वेगळा होता, करकर करणारा, पाटीवर नख ओढल्यासारखा. प्रशिक्षक म्हणाले, आतापर्यंत तुम्ही बर्फावर टेकत होतात, आता त्याला कापायला शिका.

नंतर वाचल्यावर कळले की मोठ्या शर्यतींचे मार्ग मुद्दाम असे कडक केलेले असतात. बर्फात दाबाने पाणी सोडतात आणि ते गोठू देतात, म्हणजे शेवटच्या खेळाडूपर्यंत पृष्ठभाग टिकावा. गुलमर्गचे नाव जगभर आहे ते भुसभुशीत, खोल बर्फासाठी. हौशी स्कीपटूला तो स्वर्ग आहे, पण शर्यतीच्या खेळाडूला घरच्या उतारावर रोज मिळायला हवा तो हा काचेसारखा बर्फ. तो आपोआप मिळत नाही, तयार करावा लागतो. त्याला यंत्रे लागतात, पाणी लागते आणि रात्री जागणारी माणसे लागतात. 'आपल्याकडे हिमालय आहे' या वाक्यात ही माणसे धरलेली नसतात.

प्रतिसाद ५

अवांतर वाटेल, पण १९९८ च्या नागानोचा विषय निघालाच आहे म्हणून. त्याच स्पर्धेत केनियाचा फिलिप बोईट १० किलोमीटर क्रॉस-कंट्री शर्यतीत (चढउतारांच्या लांब मार्गावरून स्कीवर धावण्याच्या शर्यतीत) उतरला आणि ९२ वा, म्हणजे शेवटचा आला. शर्यत जिंकलेला नॉर्वेचा ब्यॉर्न डेली अंतिम रेषेजवळ बराच वेळ थांबून राहिला आणि बोईट पोहोचल्यावर त्याने त्याला मिठी मारली. पुढे बोईटने आपल्या मुलाचे नाव डेली ठेवले. दर वेळी छोट्या संघांबद्दल बोलताना ही आठवण निघते आणि निघायलाही हवी, कारण दहा किलोमीटर त्या अवस्थेत ढकलत नेणे म्हणजे काय, हे डेलीला कोणापेक्षाही जास्त ठाऊक होते.

तरीही धागालेखकाच्या मुद्द्यासाठी जमैकाचे उदाहरण मला अधिक उपयोगी वाटते. १९८८ ला कॅल्गरीत त्यांची चार जणांची बॉबस्ले, म्हणजे बर्फाच्या मार्गावरून धावणारी घसरगाडी, उलटली आणि खेळाडू गाडीसोबत चालत बाहेर आले, एवढेच बहुतेकांना माहीत असते. तो संघ तिथे संपला नाही. सुकाणू धरणारा डडली स्टोक्स खेळत राहिला, त्याचा भाऊ ख्रिस सोबत राहिला, आणि १९९४ ला लिलहॅमरमध्ये जमैकाची चार जणांची गाडी अमेरिकेच्या पुढे १४ वी आली. बर्फ न पडणाऱ्या देशाने सहा वर्षांत हे केले. ज्यांनी एकदा मार खाल्ला होता तेच पुन्हा गाडीत बसले, आणि नव्यांना त्यांच्याकडून शिकता आले.

प्रतिसाद ६

आपल्याकडेही एक उदाहरण आहे. भारतीय महिला आइस हॉकी संघाने २०२५ साली संयुक्त अरब अमिरातीतल्या अल ऐन येथे झालेल्या आशिया चषकात कांस्यपदक मिळवले. या संघाचा कणा लडाखच्या मुली आहेत, आणि त्यांचे बरेचसे शिक्षण हिवाळ्यात गोठलेल्या तळ्यांवर, वर्षातले दोन-अडीच महिने बर्फ टिकेल तेवढ्या काळात झालेले आहे. सुविधा त्यांच्याकडे स्कीपटूंपेक्षा जास्त नव्हत्या. पण हॉकी एकटीने खेळताच येत नाही. थोरल्या मुली धाकट्यांना बर्फावर उभे राहायला शिकवतात, त्यामुळे एक थांबली तरी खेळ थांबत नाही.

प्रतिसाद २ च्या लेखकाकडून

लिख्टेनस्टाइनची ती घरगुती बाजू मला माहीत नव्हती. पात्रतेबद्दलचे माझे मत कायम आहे, परंतु खेळाडूवर बोट ठेवणारा माझा सूर चुकीचा होता, तो मागे घेतो. एक प्रश्न विचारतो: एकाच शर्यतीत दोन भारतीय उतरले, असे शेवटचे केव्हा घडले? प्रतिसाद १ मध्ये सांगितलेला केशवनचा अनुभव कोणाकडे गेला नाही, हे समजले. पण अल्पाइनमध्ये तरी अशी जोडी असेल, असे वाटते.

धागालेखकाचे उत्तर

मी सगळ्या स्पर्धांची नावे पुन्हा लावून पाहिली. २०१८ ला दोघे होते, पण केशवन ल्यूजमध्ये आणि जगदीश सिंग क्रॉस-कंट्रीमध्ये. २०१४ ला तिघे, तीन वेगळ्या खेळांत: केशवन, अल्पाइनला हिमांशू ठाकूर आणि क्रॉस-कंट्रीला नदीम इक्बाल. २०१० ला तसेच: केशवन, अल्पाइनला जामयांग नामग्याल, क्रॉस-कंट्रीला ताशी लुंडुप. २००६ ला चौघे असूनही नेहा आहुजा महिलांच्या अल्पाइनमध्ये, हीरा लाल पुरुषांच्या अल्पाइनमध्ये, बहादूर गुप्ता क्रॉस-कंट्रीमध्ये आणि केशवन त्याच्या मार्गावर. २००२ आणि १९९८ ला तर प्रश्नच नाही.

१९९२ ला आल्बेरव्हिलमध्ये नानक चंद आणि लाल चुनी हे दोघेही पुरुषांच्या अल्पाइन स्कीइंगमध्ये होते. त्यानंतर थेट २०२२ पर्यंत, तीस वर्षे, हिवाळी ऑलिंपिकच्या एकाही शर्यतीत भारताची दोन नावे एकत्र आलेली नाहीत.